साथीदाराचे सामान : तबलावादकांच्या प्रश्नांना उत्तरे

प्रश्न : मी गावच्या भजनी मंडळात एकाच तबल्यावर, तो काळी एकमध्ये (पेटीच्या सप्तकातील पहिल्या काळ्या पट्टीच्या स्वरात) लावून वाजवत आलो आहे. आता जत्रांतील संगीत नाटकांची आणि गायनाच्या बैठकांचीही बोलावणी येऊ लागली आहेत. आणखी किती तबले घ्यावेत आणि कोणत्या मापाचे? (फोंडा)

उत्तर : तबल्याचा स्वर मुख्यतः त्याच्या तोंडाच्या मापावर ठरतो. साडेपाच इंची तोंडाचा तबला काळी एक ते पांढरी दोन या पट्ट्यांत मोकळा बोलतो, सव्वापाच इंची तबला काळी दोनच्या आसपास सुखाने राहतो, आणि सहा इंच व त्याहून मोठ्या तोंडाचे तबले ढाल्या, म्हणजे खालच्या, स्वरांसाठी असतात. गट्ठे (पुडी ताणणाऱ्या वादीखालचे लाकडी ठोकळे) ठोकून एकच तबला सगळ्या पट्ट्यांत फिरवता येईल, असे पुष्कळांना वाटते. प्रत्यक्षात एक-दीड स्वरापलीकडे ताणल्यास आवाज आक्रसतो आणि पुडी (तोंडावरचे कातडे) फाटण्याची भीती असते. फार उतरवल्यास चाटेचा (पुडीच्या कडेचा) स्वर भरत नाही आणि बोल बसके निघतात.

आपल्यापुढील खरा प्रश्न गायिकांच्या साथीचा आहे. त्यांचा षड्ज या तबल्यांना फार चढा पडतो, म्हणून तबला त्यांच्या मध्यमात किंवा पंचमात लावतात. काळी चारमध्ये गाणाऱ्या गायिकेचा शुद्ध मध्यम काळी एकवर येतो, म्हणजे बागेश्री किंवा मालकंस असेल तर आपला सध्याचाच तबला मध्यमात लावून साथ होते. यमनसारख्या तीव्र मध्यमाच्या रागात मात्र पंचमाकडे वळावे लागते; काळी चारचा पंचम काळी दोन, आणि तेथे सव्वापाच इंची तबला लागतो. काळी पाचमध्ये गाणाऱ्या गायिकेचा शुद्ध मध्यमही काळी दोनवरच येत असल्यामुळे हा दुसरा तबला दोन्ही ठिकाणी उपयोगी पडतो. तेव्हा पैसे आधी त्यावर खर्च करावेत. मारव्यासारख्या रागात पंचमही नाही आणि शुद्ध मध्यमही नाही. तेथे षड्जाशिवाय गत्यंतर नसते आणि टीपेच्या षड्जात लागणारा, पाच इंच वा त्याहून लहान तोंडाचा तबला हवा. तो तिसरा, बैठकांची बोलावणी वाढली म्हणजे घ्यावा.

नाटकात अडचण वेगळी असते. नायकाचे पद एका पट्टीत आणि नायिकेचे दुसऱ्या पट्टीत असते, आणि मधल्या गद्य प्रवेशात हातोडीचा आवाज प्रेक्षकांपर्यंत जाऊ देणे शोभत नाही. म्हणून दोन्ही तबले आधीच लावून, आपापल्या चुंबळीवर शेजारी शेजारी ठेवावेत. लावताना मोबाइलवरील ट्यूनरवर विसंबू नये. जत्रेच्या रंगमंचावर येणारा जुना ऑर्गन आजच्या प्रमाण स्वरापेक्षा थोडा चढा किंवा उतरता असू शकतो, आणि प्रयोगात प्रमाण असते ते त्या ऑर्गनचे. पडदा उघडण्यापूर्वी ऑर्गनवादकाकडून स्वर दाबून धरवून घ्यावा. त्यानंतर गजऱ्याची (पुडीभोवतीच्या विणीची) सोळाही घरे एकेक करून तपासावीत. एक घर जरी उतरलेले राहिले, तरी 'ना' हा बोल दर ठिकाणी वेगळा वाजतो. घर चढवताना गजऱ्यावर वरून खाली आणि उतरवताना खालून वर हलका ठोका द्यावा. अंतर अधिक असेल, तरच गट्ठ्यांना हात लावावा.

डग्गा एकच पुरतो, मात्र तो जाड पत्र्याचा आणि हातात जड लागणारा असावा.

प्रश्न : श्रावणात भजनी सप्ताहात वाजवताना तबला अर्ध्या तासात उतरतो आणि डग्गा थबथबल्यासारखा वाजतो. उपाय काय? (वास्को)

उत्तर : वास्कोचा दामोदर सप्ताह नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी सुरू होतो आणि भजन चोवीस तास अखंड चालते. वर्षातील सर्वांत दमट दिवसांत आणि तेही गर्दीने भरलेल्या जागी तबला स्वरात ठेवायचा म्हणजे परीक्षाच असते. पुडीचे कातडे हवेतील पाणी शोषून सैलावते आणि स्वर उतरतो. चामड्याची वादीही ओलाव्याने ताणून सैल पडते, त्यामुळे उतार दुहेरी होतो. शाईत (पुडीवरच्या काळ्या लेपात) लोहचूर्ण आणि खळ असते. दमटपणाने ती खळ मऊ पडली की शाईचे कण सुटू लागतात आणि तबल्यात खरखर शिरते.

पहिला उपाय वेळेचा आहे. वातानुकूलित गाडीतून आणलेला तबला लगेच लावण्यात अर्थ नसतो, कारण गाडीत कोरडे होऊन चढलेले कातडे मंडपात आल्यावर उतरतच राहते. गवसणी काढून अर्धा तास तबला मंडपातच उघडा ठेवावा आणि मग लावावा. दुसरा उपाय जोडीचा : दोन तबले पाळीपाळीने वाजवावेत आणि विसाव्याला ठेवलेल्या तबल्यापासून हातभर अंतरावर जुन्या पद्धतीचा, चाळीस किंवा साठ वॅटचा पिवळा बल्ब लावावा. एलईडी दिव्याला पुरेशी ऊब नसते, तेव्हा तो येथे कुचकामी आहे. केस वाळवण्याचे यंत्र पुडीवर धरणारे वादक मी पाहिले आहेत. तसे कदापि करू नये, कारण कातडे वरून झटकन सुकते, आतून ओले राहते आणि शाईला तडे जातात.

वादी चामड्याची असावी की कृत्रिम धाग्याची, यावर आपल्याकडे तावातावाने वाद होतात. बैठकीसाठी मी चामड्याचीच वादी पसंत करतो. मात्र झांजांच्या गजरात आणि ध्वनिक्षेपकावर त्यातील फरक कोणाच्याही कानाला कळणार नाही, आणि कृत्रिम वादी ओलाव्याने सैल पडत नाही. पावसाळ्यासाठी एका तबल्याला ती बिनदिक्कत बसवावी. हाताला पावडर बेताची लावावी. घामात कालवलेली पावडर पुडीवर चिकटून बसते.

आपल्याबरोबर पखवाज असेल, तर त्याच्या डाव्या तोंडावरची कणीक वाजवण्याआधी ताजी मळून लावावी आणि पाळी संपताच खरवडून काढावी. तशीच राहिली तर रात्रीत बुरशी आणि मुंग्या दोन्ही येतात. घरी परतल्यावर वाद्ये गाडीच्या डिकीत राहू देऊ नयेत. लोखंडी कपाटात सिलिका जेलच्या पिशव्यांसह ठेवावीत, आणि त्यातील खड्यांचा रंग पालटला की ते गरम करून पुन्हा वापरावेत.

प्रश्न : किनाऱ्यावरील हॉटेलांत गिटार आणि कीबोर्डबरोबर वाजवतो. ध्वनिव्यवस्थावाला एकच माइक देतो आणि तबला ऐकूच येत नाही. महागडा पिकअप (वाद्यालाच चिकटवायचा माइक) घ्यावा का? (कळंगुट)

उत्तर : पिकअप घेण्याआधी स्वतःचे दोन डायनॅमिक (बाहेरून वीज न लागणारे) माइक आणि दोन बुटके स्टँड घ्यावेत. शुअर कंपनीचा एसएम 57 हा 1965 पासून बाजारात असलेला माइक अशा कामाला आजही उत्तम आहे. कंडेन्सर माइक बंदिस्त सभागृहात अधिक नितळ ऐकू येतो. परंतु त्याला मिक्सरमधून 48 व्होल्टचा पुरवठा लागतो आणि उघड्या किनाऱ्यावर तो वारा आणि शेजारचा गिटार दोन्ही गोळा करतो. तबल्यावरचा माइक चाटेच्या रोखाने वीतभर उंचीवर असावा. डग्ग्यावरचा माइक मनगटाच्या विरुद्ध बाजूने धरावा आणि फार जवळ आणू नये, कारण जवळ गेल्यावर असे माइक खर्ज आपोआप फुगवतात आणि सगळा डग्गा घुमू लागतो. मॉनिटर (वादकाकडे तोंड केलेला ध्वनिक्षेपक) माइकच्या बरोबर पाठीमागे ठेवावा. त्या बाजूने माइक सर्वांत कमी ऐकतो, त्यामुळे शिट्टी टळते.

स्वराचा विचार येथे उलटा करावा लागतो. ज्या गाण्यात दर दोन मात्रांनी कॉर्ड (एकत्र वाजणारे स्वर) बदलतो, तेथे चाटेवरचा खणखणीत षड्ज मध्येच खटकतो. अशा गाण्यांना सहा इंची, ढाल्या स्वराचा तबला घेऊन लवेवर (चाट आणि शाई यांमधील भागावर) अधिक वाजवावे.

करारात वेळ नमूद करून घ्यावी. ध्वनिप्रदूषण नियम, 2000 प्रमाणे उघड्या जागी रात्री 10 ते सकाळी 6 ध्वनिक्षेपक बंद असतो. राज्य सरकार वर्षातून जास्तीत जास्त 15 दिवस मध्यरात्रीपर्यंत सवलत देऊ शकते, ती आपल्या कार्यक्रमाच्या दिवशी आहे की नाही, हे आयोजकाकडून आधीच विचारून घ्यावे.

प्रश्न : आमच्या सुवारी (घुमटवादनाचा गोव्यातील प्रकार) वादनाच्या पथकाकडे घोरपडीच्या कातड्याची जुनी घुमटे (एका तोंडाला कातडे चढवलेली मडकी) आहेत. ती वापरावीत का? (डिचोली)

उत्तर : नाही. घोरपड वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 च्या पहिल्या अनुसूचीत आहे, आणि त्या अनुसूचीतील प्राण्याबाबतच्या गुन्ह्याला 3 ते 7 वर्षांच्या कारावासाची तरतूद आहे. वाद्य वडिलोपार्जित आहे, एवढ्यावर सुटका होत नाही. पुढे काय करायचे ते वन खात्याला विचारावे. बकऱ्याच्या कातड्याची घुमटे आता सर्रास मिळतात. त्यांचा आवाज किंचित बोजड आहे, हे मान्य. परंतु घुमटाचा खर्ज मागचे लहान तोंड डाव्या हाताने उघडझाप करण्यावर पुष्कळसा अवलंबून असतो आणि तो हात आपल्याकडे आहेच. मडके मातीचे असल्याने पथकाबरोबर एखादे जास्तीचे घुमट अवश्य न्यावे.

प्रश्न : विमानाने कार्यक्रमाला जाताना तबला कसा न्यावा? (म्हापसा)

उत्तर : हातोडी हातातील पिशवीत ठेवू नये, सुरक्षा तपासणीत ती काढून घेतात. देशांतर्गत प्रवासात हातातील सामानाला साधारणतः 7 किलोची मर्यादा असते, तिच्यात बसेल तर तबला जवळ ठेवावा. डग्गा आणि हातोडी कठीण पेटीत, चुंबळींमध्ये घट्ट बसवून, मोठ्या सामानात द्यावीत.