बाळ श्वास घेऊ लागतं म्हणून त्याचं हिमोग्लोबिन बदलतं का?

तुमचा प्रश्न असा आहे: गर्भाचं हिमोग्लोबिन मोठ्या माणसाच्या हिमोग्लोबिनपेक्षा वेगळं असतं, तर हा बदल बाळाने पहिला श्वास घेतल्यामुळे होतो का? आणि आधीच्या हिमोग्लोबिनचं जनुक पुढे कुठे जातं?

आधी थेट उत्तर देतो. श्वासामुळे हा बदल होत नाही. आणि ते जनुक कुठेही जात नाही, केंद्रक असलेल्या तुमच्या प्रत्येक पेशीत ते आजही शाबूत आहे. मी रेणवीय जीवशास्त्र शिकवतो, आणि या विषयातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट कोणती असं विचाराल तर मी हीच सांगेन, कारण आजचे नवे उपचार तिच्यावरच उभे आहेत.

हिमोग्लोबिनच्या रेणूत चार साखळ्या असतात, दोन अल्फा गटातल्या आणि दोन बीटा गटातल्या. अल्फा गटाची जनुकं १६व्या गुणसूत्रावर आहेत, बीटा गटाची ११व्या. बीटा गटातली जनुकं ओळीने अशी बसलेली आहेत: एप्सिलॉन, मग दोन गॅमा, मग डेल्टा, आणि शेवटी बीटा. वाढीच्या काळात ती साधारण याच क्रमाने वापरली जातात. सुरुवातीच्या आठवड्यांत पीतककोशातल्या, म्हणजे भ्रूणाला जोडलेल्या छोट्या पिशवीतल्या, रक्तपेशी एप्सिलॉन वापरतात. मग रक्त बनवण्याचं काम यकृताकडे जातं आणि गॅमा पुढे येतं. दोन अल्फा आणि दोन गॅमा मिळून जे बनतं तेच गर्भाचं हिमोग्लोबिन, म्हणजे हिमोग्लोबिन एफ. मोठ्या माणसात गॅमाच्या जागी बीटा येतं आणि हिमोग्लोबिन ए तयार होतं.

गर्भाला वेगळं हिमोग्लोबिन लागतं, कारण त्याला आईच्या रक्तातून ऑक्सिजन ओढून घ्यायचा असतो. तांबड्या पेशीतलं बीपीजी नावाचं संयुग हिमोग्लोबिनला चिकटलं की त्याची ऑक्सिजनवरची पकड सैल होते. बीटा साखळीत १४३व्या जागी हिस्टिडीन हे अमिनो आम्ल असतं, गॅमात तिथे सेरीन असतं, म्हणून एफला बीपीजी नीट चिकटत नाही आणि त्याची पकड घट्ट राहते.

आता वेळेबद्दल. बीटाचं प्रमाण जन्माच्या काही आठवडे आधीपासूनच वाढू लागतं. जन्मताना साधारण ६० ते ८० टक्के हिमोग्लोबिन एफ असतं आणि पुढच्या सहा महिन्यांत ते झपाट्याने घटतं. श्वासाचा संबंध असता तर दोन महिने आधी जन्मलेल्या बाळात हा बदलही दोन महिने आधी दिसायला हवा होता. तसं होत नाही. अपुऱ्या दिवसांचं बाळ बाहेरची हवा घेत असतानाही मुख्यतः गॅमाच बनवत राहतं आणि बदल जवळपास ठरलेल्या वेळीच होतो, म्हणजे गर्भधारणेपासून मोजलेल्या वयाप्रमाणे. मेंढ्यांवरच्या प्रयोगांत गर्भाच्या यकृतातल्या रक्तजनक पेशी प्रौढ मेंढ्यांना दिल्या गेल्या. प्रौढ शरीरात जाऊनही त्या आधी गर्भाचंच हिमोग्लोबिन बनवत राहिल्या आणि बदल हळूहळू झाला. वेळापत्रक बऱ्याच अंशी पेशीच्या आतच असतं, असा याचा अर्थ.

मग पेशी ते पाळते कसं? इथे दोन यंत्रणा एकत्र काम करतात.

पहिली यंत्रणा रुग्णांमुळे लक्षात आली. १९८०च्या दशकात थॅलेसेमियाचे, म्हणजे हिमोग्लोबिन पुरेसं न बनण्याच्या आनुवंशिक आजाराचे, असे रुग्ण सापडले, ज्यांच्या बीटा जनुकातलं डीएनएचं अक्षरन् अक्षर बरोबर होतं, तरी ते बंद पडलेलं होतं. तुटला होता तो डीएनए तिथून बराच दूर, एप्सिलॉनच्याही आधी. त्या भागाला लोकस कंट्रोल रीजन म्हणतात, थोडक्यात एलसीआर. बीटा जनुक त्याच्यापासून ५० हजार अक्षरांच्या आसपास लांब आहे, पण डीएनए वळसा घालून एलसीआरला थेट जनुकाच्या शेजारी आणून ठेवतो, आणि मग ते जनुक जोरात वाचलं जातं. व्यासपीठावर माईक एकच आणि बोलणारे पाच, अशी ही स्थिती आहे. एलसीआर गॅमाजवळ असेल तर बीटाला तो मिळत नाही, आणि बीटाजवळ असेल तर गॅमाला नाही. २०१४ साली संशोधकांनी प्रौढ माणसाच्या रक्तजनक पेशींमध्ये हा वळसा मुद्दाम गॅमाकडे वळवून दाखवला. गॅमा जागं झालं आणि बीटा तेवढं मंदावलं. मला हा प्रयोग फार मोलाचा वाटतो, कारण वळसा हा जनुक सुरू झाल्याचा नुसता परिणाम नाही, ते सुरू होण्याचं कारण आहे, हे त्यातून स्पष्ट झालं.

दुसरी यंत्रणा म्हणजे गॅमाला दाबून ठेवणारी प्रथिनं. काही माणसांत मोठेपणीही हिमोग्लोबिन एफ भरपूर असतं आणि त्यांना काहीही त्रास नसतो. अशा लोकांच्या जनुकसंचात काय वेगळं आहे हे शोधताना बीसीएल११ए हे नाव पुढे आलं, आणि २००८ मध्ये बोस्टनच्या स्टुअर्ट ऑर्किन यांच्या प्रयोगशाळेने दाखवलं की हे प्रथिन कमी केलं की गॅमा वाढतं. बीसीएल११ए गॅमा जनुकाच्या सुरुवातीपासून ११५ अक्षरं मागे जाऊन बसतं. साधारण २०० अक्षरं मागे झेडबीटीबी७ए हे दुसरं प्रथिन बसतं. ज्या घराण्यांत एफ जन्मभर जास्त राहतं, त्यांतल्या कित्येकांत नेमक्या याच दोन जागांची अक्षरं बदललेली असतात. ते बदल फार आधीपासून माहीत होते, त्यांचा अर्थ मात्र २०१८ च्या सुमारास लागला.

गर्भात बीसीएल११ए गॅमाला का अडवत नाही? त्याचा संदेशवाहक आरएनए, म्हणजे ज्यावरून प्रथिन बनतं ती जनुकाची प्रत, गर्भाच्या पेशीतही असतो, पण लिन२८बी हे दुसरं प्रथिन त्या आरएनएपासून बीसीएल११ए बनू देत नाही. वय वाढतं तसं लिन२८बी ओसरतं, बीसीएल११ए तयार होऊ लागतं, गॅमा दबतं आणि एलसीआर बीटासाठी मोकळं होतं.

उपचाराचा धागा इथेच आहे. सिकलसेल (ज्यात तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात) आणि बीटा थॅलेसेमिया या दोन्ही आजारांत दोष बीटा जनुकात असतो, गॅमात नसतो. मग गॅमाच पुन्हा जागं केलं तर? बीसीएल११ए सरसकट काढून टाकता येत नाही, कारण मेंदूच्या वाढीला आणि पांढऱ्या पेशींनाही ते लागतं. पण त्याच्या जनुकातच एक छोटा भाग असा आहे, जो ते फक्त तांबड्या पेशी तयार होताना चालवतो. रुग्णाच्या स्वतःच्या रक्तजनक पेशी काढून क्रिस्परने, म्हणजे डीएनए हव्या त्या जागी कापणाऱ्या तंत्राने, तेवढाच भाग बिघडवायचा आणि त्या पेशी परत द्यायच्या, असा उपचार नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रिटनमध्ये आणि त्यानंतर महिन्याभरात अमेरिकेत मंजूर झाला. परत देण्यापूर्वी रुग्णाला जबर केमोथेरपी घ्यावी लागते, त्यामुळे तो अजिबात सोपा नाही. तरीही मूळ चूक दुरुस्त न करता शरीरातच असलेलं जुनं जनुक कामाला लावायचं, ही कल्पना माझ्या मते या क्षेत्रातली सगळ्यात सुंदर कल्पना आहे.

याच वेळापत्रकामुळे बीटाचे आजार जन्मताना लपून राहतात. सिकलसेल असलेल्या नवजात बाळांच्या पेशी फारशा वाकड्या होत नाहीत, हे जॅनेट वॉटसन या डॉक्टरांनी १९४८ मध्येच नोंदवलं होतं. गॅमा ओसरलं की, बहुधा सहा महिन्यांच्या आसपास, त्रास दिसू लागतो. अल्फाचं उलट आहे. अल्फा साखळी गर्भातही लागते आणि नंतरही, त्यामुळे चारही अल्फा जनुकं नसतील तर गर्भातच जिवावर बेततं.

म्हणून काही महिन्यांच्या बाळाच्या अहवालात हिमोग्लोबिन एफ जास्त दिसलं तर तेवढ्यावरून घाबरू नका, त्या वयात ते असतंच. आणि बाळ बीटा थॅलेसेमियाचं वाहक आहे का, हे हिमोग्लोबिन ए२ च्या (दोन अल्फा आणि दोन डेल्टा साखळ्यांच्या हिमोग्लोबिनच्या) प्रमाणावरून ठरवायचं असेल तर निदान वर्षभर थांबावं लागतं, कारण ए२ मधली डेल्टा साखळीसुद्धा बीटासारखीच उशिरा वाढते. त्याआधी नक्की कळायला हवं असेल तर डॉक्टरांना थेट डीएनए तपासणीबद्दल विचारा.