पहिल्या डोसनंतर आई परत का येत नाही?

प्रश्न : मी आशा सेविका आहे. दीड महिन्याचा डोस सगळ्या आया देतात. त्या रात्री बाळ तापतं, मांडी सुजते. अडीच महिन्यांच्या डोसाला बोलावलं की काही जणी दारच उघडत नाहीत. काय करू? (यवतमाळ जिल्हा)

ताई, पेंटा म्हणजे पाच आजारांवरच्या एकत्रित लशीतल्या डांग्या खोकल्याच्या घटकामुळे बऱ्याच बाळांना ताप येतो आणि एक-दोन दिवसांत उतरतो. हे तुम्हाला ठाऊक असतं, आईला नसतं. रात्री दोनला बाळ किंचाळून रडतं तेव्हा सासू म्हणते, "बरं होतं ना लेकरू, कशाला टोचून आणलंस?" पुढचा डोस तिथेच बुडतो.

म्हणून सुई टोचण्याआधीच सांगा आणि शक्यतो सासूसमोर सांगा : आज अंग गरम होईल, मांडीवर गाठ येईल, हे तापाचं औषध वजनाप्रमाणे इतकं द्यायचं. ताप तिसऱ्या दिवशीही राहिला, बाळ दूध पिईना, सुस्त पडलं किंवा झटका आला, तर वाट न बघता मला फोन करा. दुसऱ्या दिवशी सकाळी एक चक्कर मारा. सांगितल्याप्रमाणे ताप आला आणि गेला, की तुमच्या पुढच्या शब्दाला वजन येतं. अशा चकरांना वेळ मिळायचा तर तुमच्या हातातली रजिस्टरं कमी व्हायला हवीत, हे आरोग्य अधिकाऱ्यांनीही मनावर घ्यावं.

प्रश्न : २०२२ मध्ये गोवंडी, मालेगावात गोवर पसरला. ही माणसं धर्मामुळे लस नाकारतात. सक्ती का करत नाही? (निवृत्त शिक्षक, नाशिक)

सर, सगळा दोष धर्मावर टाकला की बाकीची कारणं दिसेनाशी होतात. कोविडच्या काळात नेहमीची लसीकरण सत्रं विस्कळीत झाली होती. दाटीवाटीच्या वस्तीत भाड्याची खोली सारखी बदलते, यादीतलं नाव मागे राहतं, आणि लसीसाठी सकाळ घालवली तर रोजी बुडते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार (२०१९-२१) महाराष्ट्रात १२ ते २३ महिन्यांच्या ७३.५ टक्के मुलांचंच लसीकरण पूर्ण होतं. गोवर रोखायला साधारण ९५ टक्के मुलांना दोन्ही डोस मिळावे लागतात. राहिलेली सगळी मुलं काही एका धर्माची नव्हेत.

नकार होताच, हेही खरं. 'लशीने मूल होत नाही' ही अफवा उत्तर प्रदेशात पोलिओच्या वेळीही होती. १९७६ ची सक्तीची नसबंदी ज्यांनी पाहिली, त्यांच्या घरात अशी अफवा लगेच रुजते. सक्तीचा अनुभव आपल्यालाही आहे : १८९७ च्या प्लेगात पुण्यात इंग्रज सरकारचे सोजीर घराघरांत घुसले आणि लोक रुग्ण लपवू लागले. उत्तर प्रदेशात गाडी हलली ती मौलवींना, स्थानिक बायकांना सोबत घेतल्यावर, आणि पोलिओच्या थेंबांबरोबर इतर आजारांवरही औषध मिळू लागल्यावर. भारतातला शेवटचा पोलिओ रुग्ण १३ जानेवारी २०११ रोजी हावडा जिल्ह्यात सापडला. २०१४ मध्ये देश पोलिओमुक्त ठरला.

प्रश्न : गोवराच्या लशीने ऑटिझम होतो, असा व्हिडिओ जावयाने पाठवला आहे. (ठाणे)

होत नाही. १९९८ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये १२ मुलांवरचा एक लेख आला होता, त्यातून हे सुरू झालं. लेख २०१० मध्ये मागे घेतला गेला आणि लेखक डॉक्टरचं नाव ब्रिटनच्या वैद्यकीय नोंदवहीतून काढलं गेलं. डेन्मार्कमध्ये साडेसहा लाखांहून अधिक मुलं तपासली, संबंध आढळला नाही. जावयाशी वाद घालू नका, त्यांना नेमकी कसली भीती वाटते ते विचारा आणि दोघं मिळून बालरोगतज्ज्ञांकडे जा.

प्रश्न : आमच्या तांड्यावरची माणसं दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जातात. बाळांचे डोस अर्धवट राहतात. पुन्हा पहिल्यापासून द्यावे लागतात का? (शिक्षिका, बीड)

नाही, राहिला तिथून पुढे. कोणत्याही सरकारी केंद्रावर लस मोफत मिळते, गाव विचारून परत पाठवता येत नाही. गोवर-रुबेलाचा डोस चुकला असेल तर पाच वर्षांपर्यंत देतात. या आयांना लशीची भीती नाही, त्यांना वेळ मिळत नाही : पहाटे फडात जायचं आणि अंधार पडल्यावर कोपीवर, म्हणजे फडाजवळच्या झोपडीत यायचं, तर सकाळी दहाच्या सत्राला येणार कोण? कारखान्याजवळच्या आरोग्य केंद्राने संध्याकाळी कोप्यांवर सत्र घ्यावं. मुकादमाकडे टोळ्यांची यादी असते, ती आधी मागून घ्यावी. ही माणसं निघण्यापूर्वी तुम्ही लसीकरण कार्डाचा फोटो आईच्या किंवा बापाच्या मोबाइलमध्ये काढून द्या.