बुद्धिबळात दोघांचे उंट एकाच रंगाच्या घरांवरचे, माझं एक प्यादं जास्त, इंजिन (डाव तपासणारा प्रोग्रॅम) +1.5, म्हणजे सुमारे दीड प्याद्याची आघाडी दाखवतं, तरी डाव बरोबरीत का सुटतो?

पटावर तेवढं एकच प्यादं उरलं असेल, तर आधी विरोधी राजा बघा. तो प्याद्याच्या वाटेत, तुमच्या उंटाच्या विरुद्ध रंगाच्या घरात बसला असेल तर हलत नाही. बरोबरी.

राजा वाटेत नसेल, तर सगळं कर्णांच्या (उंटाच्या तिरक्या रेषांच्या) लांबीवर. प्रतिस्पर्ध्याचा उंट दोन कर्णांवरून प्यादं अडवू शकतो. तुमचा उंट समोर आणून त्याला एका कर्णावरून हुसका, म्हणजे तो दुसऱ्यावर जाईल. तिथे 4 पेक्षा कमी घरं असली, तर त्याच्या चाली संपतात आणि उंट कर्ण सोडतो. म्हणून ‘बी’ किंवा ‘जी’ स्तंभातलं प्यादं बरं. मधल्या प्याद्याला दोन्ही कर्ण लांब मिळतात.

दोन प्यादी असतील तर जपा: तो एकासाठी उंट देईल. उरलेलं ‘एच’ स्तंभातलं पांढरं प्यादं आणि पांढऱ्या घरांचा उंट, आणि त्याचा राजा एच8 ला, म्हणजे त्या प्याद्याच्या शेवटच्या घरात, पोहोचला, की जिंकणं विसरा. एच8 काळं घर आहे, तुमचा उंट त्याला तिथून हुसकू शकत नाही.

+1.5 हा अंदाज, पुरावा नव्हे. वीस चाली आकडा तिथल्या तिथेच राहिला तर संशय घ्या. राजे धरून 7 किंवा कमी मोहरी असतील तर सरळ टेबलबेस (अशा स्थितींचा अचूक निकाल सांगणारा संग्रह) उघडा.