एमएसडब्ल्यू (समाजकार्यातली मास्टर्स) करतेय, शोक समुपदेशन शिकायला सुरुवात कशी करू?

बीड जिल्ह्यात फील्डवर्क आहे, आत्महत्याग्रस्त शेतकरी कुटुंबांना भेटायचंय असं तुम्ही लिहिलंय, तर आधी सांगतो, शोकाचे ते पाच टप्पे (नकार, राग वगैरे ते स्वीकारापर्यंत) पाठ करून गावात जाऊ नका. मानसोपचारतज्ज्ञ एलिझाबेथ क्युबलर-रॉस यांनी ते १९६९ मध्ये मांडले ते स्वतः मरणाला टेकलेल्या पेशंटशी बोलून, मागं राहिलेल्यांना ते नंतर लावले गेले. त्यापेक्षा १९९९ चं ड्युअल प्रोसेस मॉडेल नीट वाचा, म्हणजे माणूस कधी दुःखात बुडतो, कधी रोजच्या कामाला लागतो, हे आलटून पालटून चालतं आणि ते नॉर्मल आहे. नवरा गेलेली बाई तेराव्याच्या आधीच सातबारा, बँकेचं कर्ज, पोरांची फी बघायला लागते आणि भाऊबंद म्हणतात हिला काही वाटतच नाही, ते ऐकून आपण तसं धरायचं नाही. (हे फार बघितलंय आमच्याकडं.) निदानाची घाई तर अजिबात नको, प्रोलाँग्ड ग्रीफ डिसऑर्डर (लांबलेल्या शोकाचा आजार) म्हणायला मृत्यूनंतर आयसीडी-११ मध्ये (जागतिक आरोग्य संघटनेची आजारांची यादी) किमान ६ महिने आणि डीएसएममध्ये (अमेरिकेतलं मानसिक आजारांच्या निदानाचं पुस्तक) मोठ्या माणसांसाठी १२ महिने जावे लागतात. आणि सुपरव्हिजन, म्हणजे अनुभवी माणसासोबत आपल्या भेटींवर बोलणं, मागून घ्या, कॉलेजनं स्वतःहून दिलं नाही तरी मागाच, अशा भेटींनंतर एकटं घरी जायचं नाही.