वाद्य बदल, बोली नको

चि. मुली, अनेक आशीर्वाद.

संहिता दोनदा वाचली. व्हायोलिन सोडून दिग्दर्शनाकडे वळतेय, चुकतेय का, असं विचारलंयस. त्यात कसली चूक? चूक दुसरीकडेच आहे. गोष्ट तुझ्या आजोळची, थेट कोकणातली, आणि माणसं हिंदी बोलतायत! का, तर जास्त लोक बघतील.

वेल्सचा एन्दाव एमलिन बघ. मुळात गायक. १९७४ मध्ये त्यानं ‘सालेम’ हा वेल्श गाण्यांचा अख्खा अल्बम एका चित्रावर बेतला. तिकडे घरोघरी भिंतीवर लागलेलं चित्र: चॅपेलमधली म्हातारी, डोक्यावर उंच काळी टोपी, अंगावर नक्षीदार शाल. त्या शालीच्या घड्यांत लोकांना सैतानाचं तोंड दिसतं. पुढे हाच माणूस सिनेमाकडे वळला. १९९१ मध्ये करादोग प्रिचर्ड या लेखकाच्या वेल्श कादंबरीवर सिनेमा केला, १९९३ मध्ये ‘गादाएल लेनिन’. त्यात शाळेची सहल सेंट पीटर्सबर्गला जाते. गाव रशियातलं, पण पोरं आपसात वेल्शच बोलतात. तेव्हा वेल्श बोलणारे होते जेमतेम पाच लाख. आपण आठ कोटींच्या वर, आणि लोक मिळणार नाहीत ही धास्ती आपल्याला!

वाद्य बदल, बोली बदलू नकोस.

हे मी पुस्तकात वाचून सांगत नाही. तबला सोडून मी या धंद्यात आलो. पहिली फिल्म माझ्या आईवर. निर्माता म्हणाला, हिंदीत कर, केली. आईच्या तोंडी “बेटा” घातलं. जन्मात तिनं कुणाला बेटा म्हटलं नव्हतं. फिल्म संपल्यावर पदरानं चष्मा पुसत तिनं विचारलं, “बाई चांगली आहे रे. कोण ती?”

त्यानंतर अशी कामं मी नाकारली. हिंदीशी माझं वाकडं नाही. घरात पैशांची ओढाताण झाली, तुझ्या काकूनं ती सोसली. लोक मला हेकट म्हणतात, म्हणोत. मी केलं ते बरोबरच होतं. तिच्या त्या प्रश्नानंतर दुसरं काही मला जमलंच नसतं.

तू शहाणी आहेस, म्हणून रागावतोय. हात तुझा सुरात आहे, कानही आहे. मग आजीचाच आवाज कसा ऐकू आला नाही? वाद्य बदल, शंभरदा बदल. बोली नको.

संहिता परत पाठवतोय. सातव्या पानावर आजी दारातून हाक मारते, तिथे पेन्सिलनं खूण केलीय. ती खरंच काय म्हणायची, ते समासात लिहून पाठव. पुढचं मग वाचेन.