लंडन की डब्लिन: तुमच्या प्रश्नाला लांबलेलं उत्तर

तुम्ही विचारलंत, दोन्हीकडची ऑफर हातात आहे, ब्रिटन बाहेर पडल्यावर युरोपियन युनियन खिळखिळं तर झालं नाही ना, आणि सहकुटुंब यायचं तर कुठे यावं. फी, पगाराची अट, कागदांची यादी हे सगळं सरकारी साइटवर आहे, ते इथे लिहीत बसत नाही.

युनियनची काळजी करू नका. ते इतक्या सफाईने सावरलं की मला तेव्हा रागच आला होता. 31 जानेवारी 2020 ला ब्रिटन गेलं. युरोपीय संसदेतल्या त्यांच्या 73 जागांपैकी 27 जागा 14 देशांना वाटल्या, उरलेल्या बाजूला ठेवल्या, 751 चं सभागृह 705 वर आलं. युनियनची लंडनमधली औषधांची नियामक संस्था अ‍ॅमस्टरडॅमला गेली, बँकांची पॅरिसला. त्या दुसरीसाठी डब्लिन आणि पॅरिसला सारखीच मतं पडली होती. चिठ्ठी काढली आणि डब्लिन हरलं. झळ बसलेल्या देशांसाठी 5 अब्ज युरोंहून मोठा निधी उभा केला, त्यातला सर्वात मोठा वाटा आयर्लंडला. आयर्लंडचे ट्रक पूर्वी इंग्लंडमधून रस्त्याने फ्रान्सला जायचे, त्यांच्यासाठी जानेवारी 2021 मध्ये इथल्या रॉसलेअर बंदरातून फ्रान्समधल्या डंकर्कला थेट बोट सुरू झाली.

त्याच लाटेत आमचं ऑफिस लंडनहून इथे डब्लिनला हललं. तिथल्या कायमच्या वास्तव्यासाठी लागणारी पाच वर्षं माझी भरत आली होती. कंपनीने सामानाचा खर्च दिला, पहिल्या महिन्यांचं भाडंही दिलं. लंडनची वर्षं मात्र इथे धरली जात नाहीत, मोजणी पहिल्यापासून.

आणि हे नीट वाचा, कारण इथे बरेच जण फसतात. डब्लिन म्हणजे युरोप मोकळा, असं नाही. आयर्लंड शेंगेनमध्ये, म्हणजे एका व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात नाही, आणि कुशल नोकरदारांसाठीच्या युरोपियन ब्लू कार्डातही नाही. क्रिटिकल स्किल्स परमिट, म्हणजे कुशल नोकरदारांना मिळणारा इथला कामाचा परवाना, फक्त या देशापुरतं. पॅरिसला चार दिवस जायचं तरी भारतीय पासपोर्टवर व्हिसा लागतो.

बेलफास्टलाही लागतो, तो ब्रिटनचा, कारण ते उत्तर आयर्लंडमध्ये आहे आणि तो भाग ब्रिटनचा. उत्तर आयर्लंडच्या सीमेवर चौकी येऊ नये म्हणून युनियनने वर्षानुवर्षं वाटाघाटी रेटल्या. आजही तिथे फाटक नाही. फलकावर वेग किलोमीटरऐवजी मैलांत दिसायला लागला की समजायचं, देश बदलला. मुलीच्या वर्गाची सहल तिकडेच निघाली. आम्ही अर्ज केला, बोटांचे ठसे दिले, पासपोर्ट तिकडे अडकून बसला आणि सहलीचा दिवस उलटून गेला. शाळेने शांतपणे पैसे परत केले. आयरिश आणि ब्रिटिश मुलांना यातलं काहीच लागत नाही, त्यामुळे शिक्षिकेला हा प्रकारच माहीत नव्हता. ‘नुसतं बसमध्येच तर बसायचंय’, असं ती मला दोनदा म्हणाली. मुलगी विसरली असावी. मी नाही. तुमची मुलं शाळेत असतील तर वर्षाच्या सुरुवातीलाच सहली कुठे जाणार ते विचारून घ्या. वय बारापेक्षा कमी असेल तर शाळेत शिकाव्या लागणाऱ्या आयरिश भाषेतूनही सूट सहसा मिळत नाही, तयारी ठेवा.

एकटेपणाचंही विचारलंत. वाटतो, मग कामं निघतात.

माझं मत डब्लिनचं. क्रिटिकल स्किल्सवर साधारण दोन वर्षांत स्टॅम्प 4 हा राहण्याचा परवाना मिळतो, मग नोकरी बदलायला कुणाची परवानगी लागत नाही. पुढे नागरिकत्व घेतलंत तर भारतीय पासपोर्ट सोडावा लागेल, पण आयरिश पासपोर्टवर युनियनमधल्या सगळ्या देशांत आणि ब्रिटनमध्येही राहता येतं. ब्रिटिश पासपोर्टवर आता तसं येत नाही. मीही अर्ज केला आहे. घरात सांगितलंय की मुलीच्या कॉलेजच्या फीसाठी, आणि ते खोटं नाही. पण तो पासपोर्ट मिळाला की मला लंडनला परत जायचंय, हे अजून बायकोला सांगितलेलं नाही.