'ऑन' शेवटी आला म्हणून काय झालं?

पोरी,

काल विश्रामबागेतल्या घरी तू इंग्रजी अर्जाचा कागद दाखवलास, तो अजून डोळ्यांपुढून हलत नाही. 'द प्रोजेक्ट आय वर्क्ड ऑन'. चांगलं, सरळ वाक्य होतं. तू त्याचं 'ऑन व्हिच आय वर्क्ड' केलंस, खोडलंस, परत केलंस, आणि अर्ज दोन दिवस तसाच पडून. अगं, 'ऑन', 'इन'सारखं प्रिपोझिशन वाक्याच्या शेवटी नको, या नियमापुढे मान तुकवण्याआधी विचारावं, हा केला कुणी?

१६७२ मध्ये ड्रायडन या इंग्रज कवीनं बेन जॉन्सन या जुन्या नाटककाराच्या एका ओळीच्या शेवटी 'फ्रॉम' आलेला पाहून नाक मुरडलं. तो काळच लॅटिनला आदर्श मानणारा, आणि लॅटिनमध्ये वाक्य असं संपत नाही. १७६२ मध्ये रॉबर्ट लाउथनं आपल्या इंग्रजी व्याकरणाच्या पुस्तकात लिहिलं की शेवटी प्रिपोझिशन ठेवण्याकडे इंग्रजीचा ओढा आहे, गंभीर लेखनात मात्र ते आधी शोभतं. गंमत म्हणजे हा 'ओढा' सांगणारा त्याचा तुकडा स्वतःच 'टू'वर संपतो! १९२६ मध्ये इंग्रजी भाषेचा कोशकार फाउलर यानं तर या बंदीला अंधश्रद्धाच म्हटलं. आणि आपलं 'टेबलाखाली'? 'अंडर'चं काम करणारं 'खाली' नामाच्या नंतरच येतं. लाज वाटली कधी?

केला कुणी, हे मी स्वतः फार उशिरा विचारलं. २००५ च्या पुरानंतर एका पोरानं निबंधात लिहिलं होतं, 'द हाउस वी लिव्ह्ड इन'. मी लाल पेननं 'इन' उचलून पुढे नेला आणि अर्धा मार्क कापला. घर पाण्यात गेलेलं त्याचं! त्यानंतर तो दोन-दोन ओळींचेच निबंध द्यायचा. तेव्हा बोर्डाचा पेपर तपासणाराही हेच शोधेल अशी मला भीती होती; आम्हालाही कुणी असंच शिकवलेलं. पण विचारायला काय हरकत होती? कुणीच अडवलं नव्हतं.

 

बरं, ज्याच्यासाठी खरं लाल पेन काढावं ते तुला दिसलंच नाही. दुसऱ्या परिच्छेदात 'वी डिस्कस्ड अबाउट द बजेट' आहे. हा 'अबाउट' आपल्या 'विषयी चर्चा केली'मधून आलाय. इंग्रजीत 'डिस्कस'ला तो लागत नाही, काढ. 'ऑन' तिथंच राहू दे. मुदत शुक्रवारी संध्याकाळपर्यंत आहे ना?

तुझा,
सर